सी-व्ह्यू, ओहोटीसकट

नवं कालनिर्णय घरात आलं की आधी संकष्ट्या आणि एकादश्या बघणारी पिढी मागे पडली. आता आधी बघतात ते लाल आकड्यांचे वार. एखादी जयंती रविवारी आली असली की घरात क्षणभर शोककळा पसरते. 'यंदाचा एक मे फुकट गेला' असं म्हणणाऱ्याचा राग एक मेवर नसतो, त्याच्या वारावर असतो. शुक्रवारी किंवा सोमवारी आलेल्या सुट्टीभोवती मात्र लगेच पेनाने गोल होतो. गुरुवारी आली तर मधला शुक्रवार 'टाकायचा' असतो, आणि तो गुपचूप टाकायचा असतो, कारण ऑफिसातल्या प्रत्येकाने तोच शुक्रवार मनात टाकून ठेवलेला असतो. कुणाच्या आजीला येत्या ऑगस्टात नेमकं कधी बरं नसणार, हे जानेवारीतच ठरून जातं.

पूर्वी जोडून सुट्टी आली की अलिबाग, गणपतीपुळे, नाहीतर महाबळेश्वर. आता 'लवकर निघू म्हणजे गर्दी लागणार नाही' असं म्हणत अख्खी मुंबई एकाच शनिवारी पहाटे निघते आणि खंडाळ्याच्या घाटात एकमेकांना भेटते. घाटात गाडी जेवढा वेळ जागची हलत नाही तेवढ्या वेळात विमान चेन्नईला पोहोचतं, हे गणित कुणीतरी मांडलं आणि मराठी मध्यमवर्ग जोडून सुट्टीला अंदमान गाठू लागला. आम्हीही गेलो. आराम करायला. हे ठासून सांगायला हवं, कारण 'साइटसीइंग अजिबात नको, फक्त आराम' हा आमच्या घरात बुकिंगच्या आधी महिनाभर जप चालला होता, आणि जप करणारी माणसं त्याच वेळी मोबाइलवर 'अंदमानात काय काय बघाल' हे वाचत होती.

चार दिवसांच्या सुट्टीत हॅवलॉकला जाऊन आराम करणं म्हणजे भूगोलाशी घेतलेला पंगा आहे. मुंबईहून चेन्नई नाहीतर कोलकाता, तिथून पोर्ट ब्लेअर, तिथून पुढे बोटीने दीड-दोन तास. जायचा दिवस जाण्यात जातो, यायचा येण्यात, आणि उरलेल्यात आराम ठासून भरायचा असतो. बोटीत शिरल्याबरोबर कर्मचारी प्रत्येकाच्या हातात एकेक कागदी पिशवी ठेवतात. 'मला काही होत नाही' असं म्हणून पिशवी परत करणारे पुरुष अर्ध्या तासाने शेजाऱ्याची पिशवी मागताना दिसतात. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

त्यात नावांचा घोळ. ३० डिसेंबर २०१८ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. सासऱ्यांनी घरून निघतानाच फर्मान काढलं होतं की सगळ्यांनी नवी नावंच घ्यायची, कारण हॅवलॉक हा १८५७चा उठाव मोडून काढणाऱ्या इंग्रज सेनापतींपैकी एक. तेव्हा रिक्षावाला, हमाल, बोटीचं तिकीट तपासणारा पोरगा, सगळ्यांना ते छातीवर हात ठेवून 'स्वराज द्वीप' असं सांगत. समोरचा आदराने ऐकून घेई आणि मागे वळून ओरडे, "हॅवलॉक, पाँच!"

रिसॉर्टात शिरल्याबरोबर स्वागत. एक मुलगी ट्रेमधून गार, ओले, गुंडाळलेले पांढरे टॉवेल घेऊन आली. असा टॉवेल सराईत माणूस बोटांच्या टोकांनी उलगडतो, तळहातांना टेकवल्यासारखं करतो आणि परत ठेवतो. सासऱ्यांनी तोंड पुसलं, मान पुसली, कानांच्या मागे दोन्हीकडून फिरवला, चष्मा पुसला आणि मग टॉवेल नीट घडी करून सामानातल्या ओल्या कपड्यांच्या पिशवीत ठेवला. मुलगी ट्रे धरून उभीच. तिला वाटलं असावं, काका परत देतील. काकांना वाटलं, दिला तो दिला. शेवटी बायकोने मध्यस्थी केली. ट्रेवर चार पांढरे आणि एक तांबूस असे टॉवेल परत गेले.

खोली 'सी-व्ह्यू' होती. 'पार्शियल सी-व्ह्यू' स्वस्त पडत होती. तिच्यात गॅलरीच्या कठड्यावर पोट टेकून डावीकडे मान काढली की समुद्र दिसतो. आम्ही मात्र अख्ख्या समुद्राचे पैसे भरले होते. बायकोने पडदा सारला. समुद्र नव्हता.

नव्हता म्हणजे नव्हताच. आधी वाळू, मग ओला चिखल, मग काळे खडक आणि मेलेली प्रवाळं, त्यांत एक होडी कलंडून बसलेली. वेबसाइटवर जिथे एक गोरंगोमटं कुटुंब पाण्यातून हातात हात घालून पळत होतं, त्याच्याही कितीतरी पलीकडे एक निळी रेघ. बायकोने रिसेप्शनला फोन लावला.

"मॅडम, समुद्र सात बजे आएगा," पलीकडून उत्तर आलं.

"सुबह के सात?"

"सुबह भी आएगा, मॅडम."

हॅवलॉकचा पूर्वेकडचा किनारा, म्हणजे गोविंदनगरचा तीन नंबर आणि विजयनगरचा पाच नंबर, फार उथळ आहे. ओहोटीला पाणी शेकडो मीटर मागे जातं. बहुतेक रिसॉर्ट नेमकी याच बाजूला आहेत आणि फोटो अर्थातच भरतीला काढलेले आहेत. ही माहिती बुकिंगच्या पानावर कुठेही नसते. लग्नाच्या स्थळाच्या फोटोतही माणूस उन्हात डोळे बारीक करून उभा असलेला दाखवत नाहीत, तेव्हा तक्रार तरी काय करणार?

सासऱ्यांनी मात्र रिसेप्शनच्या सात वाजण्यावर आक्षेप घेतला. ते रत्नागिरीचे. भरतीची वेळ त्यांना विचारायची असते, त्यांना सांगायची नसते. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत ते म्हणाले, "आज द्वादशी. बारा गुणिले पाऊण, नऊ. पूर्ण भरती नऊला. लिहून घ्या, जावईबापू." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशोब आहे आणि तिकडे तो बऱ्यापैकी जमतो. रिसेप्शनच्या भिंतीवर भरती-ओहोटीचा छापील तक्ता होता. त्यावर सात वाजायला पाच मिनिटं कमी अशी वेळ होती. सासऱ्यांनी चष्मा वर करून तो तक्ता तपासला आणि रिसेप्शनवरच्या मुलाला समजावणीच्या सुरात सांगितलं की, तुमच्याकडे चुकीचा कागद आलेला आहे.

समुद्र सातला आला. बाहेर तेव्हा काळोख पडला होता, त्यामुळे तो नीट दिसला नाही, पण गॅलरीखाली येऊन धपधप करत होता. सासरे काही वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "हा आपला अरबी समुद्र नव्हे. याला शिस्त नाही."

काळोखाचंही सांगायला हवं. भारताचं घड्याळ मिर्झापूरच्या जवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि अंदमान त्र्याण्णवच्या जवळ. त्यामुळे तिथला सूर्य आपल्या घड्याळाच्या जवळजवळ पाऊण तास पुढे धावतो. जानेवारीत पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत मावळून मोकळा होतो. डिसेंबरात तर पाचच्या सुमारासच. ज्या वेळी मुंबईत ऑफिसातला माणूस 'आता जरा काम सुरू करू' असं म्हणत असतो, त्या वेळी हॅवलॉकला रातकिडे लागलेले असतात. सहा ते आठ, म्हणजे काळोख पडल्यापासून जेवण लागेपर्यंत, करायचं काय, हा प्रश्न अंदमानच्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत नाही. पाणी अंधारात निळं चमकतं ते दाखवायला कयाकमधून नेतात, असं आम्ही वाचलं होतं. पण त्याला चांदणं नसलेली रात्र लागते आणि आमच्या वाट्याला शुक्ल पक्ष आला होता. मग आम्ही पत्ते खेळलो. साडेआठला सगळ्यांचे डोळे मिटू लागले. 'बघ, इथे कशी शांत झोप येते,' असं म्हणत मंडळी निजली.

आणि पहाटे पावणेपाचला टक्क जागी झाली. साडेआठला झोपलेला माणूस आणखी काय करणार? मी या सुट्टीत नऊपर्यंत लोळायचं ठरवलं होतं. जाड पडदा मी स्वतः तपासून घेतला होता. पण दोन पडद्यांच्या मधे बोटभर फट राहते, ती जगातल्या कुठल्याही हॉटेलला बुजवता आलेली नाही, आणि अंदमानचा सूर्य तिच्यातूनच नेमका उशीवर येतो. बाहेर आलो तर किनाऱ्यावर मुंबई-पुण्याची सगळी मंडळी हजर. कुणी हात हलवत झपाझप चालतंय, कुणी कपालभाती करतंय, एक गृहस्थ घड्याळात पावलं मोजत एकाच माडाभोवती फेऱ्या मारत होते. आराम करायला आलेली माणसं सकाळी सहाला घामाने निथळत होती आणि प्रत्येकाची नजर रेस्टॉरंटच्या बंद दाराकडे होती.

दार साडेसातला उघडायचं. आणि इथे खरी पंचाईत. समुद्र सातच्या सुमाराला यायचा, तोही रोज पाऊण तासाने पुढे सरकत. म्हणजे ज्या वेळी गॅलरीखाली हिरवंनिळं पाणी लागलेलं असायचं, त्याच वेळी आत बुफे लागलेला असायचा. समुद्र भाड्यात धरलेला आणि बुफेही भाड्यात धरलेला. या लढाईत काय झालं हे सांगायला नकोच. किनारा रिकामा पडला.

बुफेचं मानसशास्त्र वेगळं असतं. घरी चहा आणि दोन खारी बिस्किटांवर ऑफिसला जाणारा माणूस इथे आधी एक फेरी नुसती पाहणीची मारतो, हात मागे बांधून. मग इडली, तिच्या शेजारी पुरी-भाजी, त्यावर ऑम्लेट, ऑम्लेटला टेकून कलिंगड. कलिंगड खाताना तो हिशोब करतो की बाहेर हाच नाश्ता माणशी पाचशेच्या खाली नाही, आणि उठून पुन्हा ऑम्लेटच्या रांगेत जातो. बायका केळी पर्समध्ये टाकतात, 'वाटेत लागतील' म्हणून. वाट म्हणजे रेस्टॉरंट ते खोली.

सासूबाईंचं लक्ष पोह्यांकडे गेलं. झाकण उघडून त्यांनी जे पाहिलं त्याने त्यांचा चेहरा उतरला. त्यात काजू होते, मटार होते, बेदाणे होते आणि वरून साखर जाणवत होती. हॅवलॉकवरची बहुतेक वस्ती पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची. १९५०च्या दशकात त्यांना इथे जंगल तोडून जमिनी देण्यात आल्या. म्हणून तर गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर अशी आहेत. तेव्हा स्वयंपाकघरात जे शिजत होतं ते पोहे नव्हते, चिड़ेर पोलाव होता. "ये पोहा नहीं है," सासूबाई म्हणाल्या. "पोहा ही है, मासीमा," आचारी नम्रपणे म्हणाला. पुढचं संभाषण दोन अशा हिंदींमधून झालं की ज्यांचा हिंदीशी थेट संबंध नव्हता. पण दुसऱ्या सकाळी त्या भांड्याशेजारी एक लहान वाटी होती. तिच्यात कोथिंबीर आणि ओलं खोबरं, आणि पुढे हाताने लिहिलेली चिठ्ठी: 'मराठी के लिए'. सासूबाई त्यानंतर त्या रिसॉर्टबद्दल एक अक्षर वावगं ऐकून घ्यायला तयार नव्हत्या.

सासऱ्यांना वेगळी चिंता लागली होती. दोन माडांच्या मधे एक झुला बांधला होता, त्यात पडून पुस्तक वाचायचं हे माझं स्वप्न. आता या जाळीच्या झुल्यात शिरणं ही एक कला आहे. बसायला जावं तर तो मागे सरकतो. पाय आधी टाकावे तर तो उलटा होतो. झेप घ्यावी तर पलीकडच्या बाजूला वाळूत. बऱ्याच झटापटीनंतर मी एकदाचा आत पडलो. पुस्तक मात्र खाली वाळूत राहिलं होतं. ते उचलायचं म्हणजे बाहेर यायचं, म्हणून मी नुसतंच आकाशाकडे बघत आराम करू लागलो. तेवढ्यात वरती सासऱ्यांचा चेहरा दिसला. "जावईबापू, उठा आधी. वर बघितलंत का?"

वर नारळ होते. पुष्कळ होते, सुकलेले होते आणि नेमके माझ्या डोक्यावर होते. ज्यांच्या परड्यात माड आहेत ती माणसं माडाखाली झोपत नाहीत. माडाच्या सावलीत पहुडायची हौस फक्त पोस्टरवर माड पाहिलेल्यांना असते. सासऱ्यांनी मला उठवलं आणि माळ्याला शोधून काढलं. नारळ पाडलेले नाहीत, झावळ्या काढलेल्या नाहीत, बुंध्याला उंदीर लागलेत, मीठ घातलं होतं का, असा त्याचा तपास सुरू झाला. माळीही बंगाली आणि नारळाच्या बाबतीत तितकाच हट्टी. दोघे पुढचे दोन तास रिसॉर्टातला एकेक माड तपासत हिंडले. त्या सगळ्या सुट्टीत मला सासरे एवढे निवांत दुसऱ्या कुठल्याही वेळी दिसले नाहीत.

माझी निवांतपणाची वाट अडवून बसली होती एक तार. १० ऑगस्ट २०२०पर्यंत अंदमानला गेलेल्या माणसाला 'रेंज नव्हती' हे एक सोन्यासारखं कारण होतं. त्या दिवशी चेन्नईपासून अंदमानपर्यंत समुद्राच्या तळातून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. मोठंच काम झालं. बेटांवरच्या दवाखान्यांना, शाळांना, बँकांना तिचा किती आधार असेल हे मुंबईत बसून कळणार नाही. पण तिच्यातून माझा साहेबही आला. 'पाचच मिनिटं, एक छोटा कॉल,' असा त्याचा मेसेज. कोविडच्या काळात घरातल्या कपाटासमोर बसून मागे माड आणि समुद्र लावणारे आम्ही. आता माडासमोर बसून मी मागे ऑफिसच्या कपाटाचं चित्र लावलं. कॉल पाऊण तास चालला. मधेच साहेबाने विचारलं, "मागे कसला आवाज येतोय?" "पंख्याचा," मी म्हणालो. लाटेने तेवढ्यात जरा जोरातच उत्तर दिलं.

स्कूबा करायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून ते केलंच. त्यातही वेळेचा पेच. पाण्याखाली जाऊन आल्यावर अठरा तास तरी विमानात बसू नये, असं तिथले लोक बजावतात, कारण खोल पाण्यात दाबाखाली रक्तात मुरलेल्या नायट्रोजनला निघून जायला वेळ द्यावा लागतो. मग चार दिवसांच्या सुट्टीत हा प्रकार कुठे बसवायचा यावर बायकोने कागद घेऊन आकडेमोड केली. आधी एक फॉर्म भरतात. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का. सासऱ्यांनी प्रत्येक प्रश्नासमोर 'नाही' लिहिण्याऐवजी थोडक्यात इतिहास लिहिला, त्यामुळे त्यांना किनाऱ्यावर बसवण्यात आलं. पोहता येण्याची अट नसते. मागून एक प्रशिक्षक तुमची नळकांडी धरून तुम्हाला हव्या तिथे नेतो-आणतो. तुम्ही फक्त तोंडाने श्वास घ्यायचा, कान दुखले की नाक चिमटीत धरून फुंकायचं, आणि खुणा पाळायच्या.

खुणाच घात करतात. पाण्याखाली 'सगळं ठीक आहे' हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल दाखवायचा असतो. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या'. किनाऱ्यावर हे सगळ्यांकडून पाच वेळा घोकून घेतात. आमच्या पुढे नाशिकचे एक सद्गृहस्थ होते. त्यांनी घोकलं. खाली गेले. केशरी पट्ट्यांचा पहिला मासा दिसताच त्यांनी आनंदाने अंगठा वर केला. प्रशिक्षकाने नियमाप्रमाणे त्यांना वर आणलं. "अरे, वर कशाला? मस्त होतं!" म्हणत ते पुन्हा खाली गेले. प्रवाळांची एक भिंत दिसली, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. प्रशिक्षक विचारी, "ओके?" आणि त्यावर हे पुन्हा अंगठा दाखवीत. ज्या माणसाने आयुष्यभर व्हॉट्सअॅपवर दिवसाला पन्नास अंगठे पाठवले आहेत त्याचा हात असा ऐनवेळी बदलत नाही. सद्गृहस्थांनी पैसे एकरकमी भरले आणि मासे हप्त्यांनी पाहिले. नंतर मिळालेल्या व्हिडिओत त्यांच्या समाधानाला कुठेही तडा गेलेला दिसत नाही.

संध्याकाळी, म्हणजे दुपारी चारला, राधानगर. हा सात नंबरचा किनारा. 'टाइम' मासिकाने २००४मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, आणि २०२०मध्ये त्याला ब्लू फ्लॅग मिळाला. हे वाचून दाखवल्यावर सासऱ्यांनी लांबवर पसरलेल्या त्या पांढऱ्या वाळूकडे, मागच्या उंच जंगलाकडे आणि काचेसारख्या पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "त्यांनी गुहागर बघितलं होतं का?" मी प्रामाणिकपणे सांगतो, मला तो किनारा फार आवडला. तिथे ओहोटीतही समुद्र जागेवर असतो, हा तर मोठाच गुण. पण शांतपणे बघायला मिळाला तो सूर्य मावळायच्या आधीच. मावळू लागला की सगळा किनारा उठून उभा राहतो आणि प्रत्येकाला तो चिमटीत धरलेला फोटो हवा असतो. 'जरा खाली, अजून खाली, हं, डावीकडे', असं करत नवरे वाळूवर पालथे पडतात. सूर्य एकच आणि चिमट्या दोनशे. तो बुडाल्याबरोबर जीवरक्षकांच्या शिट्ट्या सुरू होतात, आणि लोक पाण्यातून नाइलाजाने बाहेर येतात.

रात्री खोलीकडे जाताना पायवाटेवर शंख चालताना दिसले. टॉर्च मारला तर प्रत्येकात एकेक खेकडा. हर्मिट क्रॅबच्या अंगावर मागच्या बाजूला कवच नसतं, म्हणून तो गोगलगायीचा रिकामा शंख घेऊन त्यात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. गंमत अशी की, एखादा मोठा रिकामा शंख सापडला की आजूबाजूचे खेकडे त्याच्याभोवती जमून आकाराप्रमाणे ओळीत लागतात. सगळ्यांत थोरला नव्या शंखात शिरतो, त्याने सोडलेल्यात पुढचा, त्याने सोडलेल्यात त्याच्या मागचा. मिनिटभरात सगळी ओळ एकेक घर पुढे सरकते. ठाण्यातल्या कुणीतरी टू-बीएचके घेतला की त्याचा वन-बीएचके कळव्याचा माणूस घेतो, त्याचा वन-आरके डोंबिवलीचा, हे तंत्र या खेकड्यांनी दलालाशिवाय आणि मुद्रांक शुल्काशिवाय बसवलं आहे. एक खेकडा मात्र प्लास्टिकच्या बाटलीचं निळं झाकण पाठीवर घेऊन चालला होता. त्याची इमारत बहुधा पुनर्विकासात गेली असावी.

म्हणूनच अंदमानातून शंख-शिंपले आणि प्रवाळं उचलून आणायला बंदी आहे. विमानतळावर सामान तपासतात आणि सापडलं की काढून घेतात. आमच्या मुलाने शाळेच्या प्रोजेक्टसाठी गोळा केलेले मूठभर शंख सासूबाईंनी त्याच्या हाताने परत वाळूत ठेवायला लावले. "कुणाचं तरी घर असेल," त्या म्हणाल्या. त्या स्वतः भाड्याच्या घरात चाळीस वर्षं काढलेल्या आहेत.

शेवटच्या अर्ध्या दिवसात सेल्युलर जेल. मराठी माणूस अंदमानाला जातो आणि तिथे जात नाही असं होत नाही. सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत. १९११मध्ये विनायकराव सावरकरांना इथे आणलं, थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. कोलूची प्रतिकृती आहे, ज्याला जुंपून कैद्यांकडून रोज ठरलेलं खोबरेल काढून घेत. सकाळी रिसॉर्टच्या स्पामध्ये खोबरेल तेलाच्या मालिशचा दर वाचून 'अबब' म्हणालेली आमची मंडळी त्या कोलूपाशी काही बोलली नाहीत. मुलानेही मोबाइल खिशात ठेवला. सासरे कोठडीत एकटेच आत गेले आणि बऱ्याच वेळाने आले.

विमानतळाला वीर सावरकरांचं नाव आहे. सासऱ्यांनी त्या पाटीखाली सगळ्यांचा फोटो काढून घेतला आणि आम्ही आत शिरलो. आमची मोठी बॅग यंत्राच्या एका बाजूने गेली आणि दुसऱ्या बाजूला आली ती बाजूला काढून ठेवलेली. पडद्याकडे बघत असलेल्या जवानाने बोटाने दाखवलं: शंख. एक, दोन, तीन... ओळीने सात-आठ शंख.

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने देवाशपथ नाही म्हणून सांगितलं. बॅग उघडायला लावली. ओल्या कपड्यांच्या खाली, शाम्पूच्या आणि लोशनच्या इवल्या इवल्या बाटल्यांच्या घोळक्यात, दोन शिवणाच्या सुया, एक शॉवर कॅप आणि चहाची भरपूर पाकिटं यांच्याबरोबर ते निघाले. रिसॉर्टच्या बाथरूममध्ये रोज सकाळी नवे ठेवत ते, शंखाच्या आकाराचे साबण. बायको छताकडे बघत होती. "कॉम्प्लिमेंटरी होते," ती हळूच म्हणाली.

जवानाने एक साबण उचलून नाकाशी नेला. मग गंभीरपणे विचारलं, "रूम का कितना लिया, एक रात का?"

मी आकडा सांगितला.

त्याने साबण जागच्या जागी ठेवला, वर ओले कपडे नीट पसरले, आणि बॅगेची चेन स्वतःच्या हाताने लावली. "फिर तो ले जाइए," तो म्हणाला.